सत्तरच्या दशकातले विसरले गेलेले रॉक बँड मोबाईलवर कसे शोधायचे?

ब्लॅक सॅबथ, डीप पर्पल, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड. सत्तरच्या दशकातलं रॉक म्हटलं की हीच चार-पाच नावं पुढे येतात. पण त्याच वर्षांत झांबियापासून जपानपर्यंत आणि डेट्रॉइटपासून मुंबईपर्यंत कितीतरी बँड हार्ड रॉक आणि सायकेडेलिक रॉक वाजवत होते. कुणाची एकच रेकॉर्ड निघाली, कुणाच्या सिंगलच्या फक्त ५०० प्रती छापल्या गेल्या, कुणाच्या टेप्स तीस वर्षं माळ्यावर पडून राहिल्या.

आज यातलं बरंच संगीत तुमच्या फोनवर मिळू शकतं. अडचण एवढीच, की ॲप ते आपणहून समोर आणत नाही. ते का आणत नाही, शोधायचं कसं, खरा बँड आणि एआयने बनवलेला नकली बँड ओळखायचा कसा, आणि आपण दिलेले पैसे जातात कुणाकडे, हे सगळं या लेखात बघूया.

ॲप हे बँड का सुचवत नाही?

स्पॉटिफाय किंवा यूट्यूब म्युझिक गाणी सुचवतं, त्यामागची एक मुख्य पद्धत म्हणजे कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग. सोप्या भाषेत सांगायचं तर, 'हे गाणं ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं?' याचा हिशोब. लाखो लोकांनी 'स्मोक ऑन द वॉटर'नंतर 'पॅरानॉइड' ऐकलं असेल, तर तुम्हालाही तेच सुचवलं जाणार.

आता ज्या गाण्याला महिन्याला दोनशेच श्रोते आहेत, त्याच्याबद्दल ॲपकडे हिशोब मांडायला आकडेच नसतात. कुणी ऐकत नाही म्हणून सुचवलं जात नाही, आणि सुचवलं जात नाही म्हणून कुणी ऐकत नाही. तंत्रज्ञानात याला 'कोल्ड स्टार्ट'ची अडचण म्हणतात.

यात आणखी दोन घोळ आहेत:

• वर्ष चुकीचं दिसतं. जुनी रेकॉर्ड पुन्हा प्रकाशित झाली की ॲपवर बऱ्याचदा नवीन प्रकाशनाचं वर्ष लागतं. १९७५ चं रेकॉर्डिंग '२००९' म्हणून दिसतं आणि दशकाच्या फिल्टरमधून सुटतं.
• एका नावाचे अनेक बँड असतात. सर्चमध्ये मोठा बँड वर येतो, छोटा खाली गाडला जातो.

हे दोन्ही घोळ एकाच बँडच्या बाबतीत बघायचे असतील तर 'डेथ'ची गोष्ट वाचा.

उदाहरण: डेट्रॉइटचा 'डेथ'

डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे डेट्रॉइटचे तीन कृष्णवर्णीय भाऊ. १९७५ मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. वेगवान, करकरीत, पुढे ज्याला पंक म्हटलं गेलं त्याच्या अगदी जवळची. रेकॉर्ड कंपन्यांच्या जगातले बडे अधिकारी क्लाइव्ह डेव्हिस यांना गाण्यांत रस होता, पण बँडचं नाव बदला असं त्यांचं म्हणणं होतं. डेव्हिडने नकार दिला आणि करार फिसकटला. १९७६ मध्ये भावांनी 'पॉलिटिशियन्स इन माय आईज' हा सिंगल स्वतःच छापला, ५०० प्रती. पुढे बँड संपला.

डेव्हिड २००० मध्ये वारला. त्यानंतर रेकॉर्ड जमवणाऱ्यांनी तो सिंगल शोधून इंटरनेटवर पसरवला, आणि बॉबीच्या मुलाच्या कानावर तो कॅलिफोर्नियातल्या एका पार्टीत पडला. आपल्या वडिलांचा असा काही बँड होता हे मुलांना तोवर माहीतच नव्हतं! माळ्यावरच्या टेप्स खाली आल्या आणि २००९ मध्ये ड्रॅग सिटी या लेबलने त्या सात गाण्यांचा अल्बम काढला. नाव '...फॉर द होल वर्ल्ड टू सी'.

आता हा अल्बम ॲपवर शोधून बघा. नुसतं 'डेथ' टाकलं तर फ्लोरिडाचा ऐंशीच्या दशकातला डेथ मेटल बँड समोर येतो. आणि सत्तरच्या दशकाचा फिल्टर लावला तर २००९ च्या तारखेमुळे हा अल्बम गळून पडतो. म्हणून नाव शोधताना सोबत शहर, अल्बम किंवा लेबल टाकायची सवय लावा.

शोधण्याचे तीन रस्ते

रस्ता १: माणसांच्या मागे जा

आवडत्या बँडमधून कोण बाहेर पडलं आणि त्याने पुढे काय केलं, हा सगळ्यात सोपा रस्ता. डीप पर्पलचंच घ्या. १९६९ मध्ये गायक रॉड इव्हान्स आणि बेसिस्ट निक सिम्पर यांना बँडमधून काढलं गेलं. सिम्परने वॉरहॉर्स हा बँड काढला, त्याचा पहिला अल्बम १९७० चा. इव्हान्स अमेरिकेत कॅप्टन बियाँडमध्ये गेला, त्यांचा पहिला अल्बम १९७२ चा. एका ओळखीच्या नावावरून दोन जबरदस्त बँड हाती लागले.

हे काम डिस्कॉग्सवर करायचं. २००० मध्ये सुरू झालेली ही वेबसाइट म्हणजे रेकॉर्ड्सची प्रचंड मोठी नोंदवही. वापरणारे लोकच ती भरतात, आणि तिचं मोबाईल ॲपही आहे. तिथे असं करा:

१. आवडत्या अल्बमचं नाव शोधा.
२. 'मास्टर रिलीज'चं पान उघडा. मूळ रेकॉर्ड आणि नंतरच्या सगळ्या आवृत्त्या तिथे एकत्र असतात, त्यामुळे खरं वर्ष कळतं.
३. एखादी आवृत्ती उघडून 'क्रेडिट्स' बघा. गिटारिस्ट, निर्माता, साउंड इंजिनिअर, कुणाच्याही नावावर टॅप करा. त्याने केलेलं बाकीचं काम दिसेल.
४. 'हॅव' आणि 'वॉन्ट' हे आकडे बघा. किती जणांकडे रेकॉर्ड आहे आणि किती जणांना हवी आहे, ते यातून समजतं. 'हॅव' कमी आणि 'वॉन्ट' खूप जास्त असेल, तर बहुतेक वेळा काहीतरी ऐकण्यासारखं सापडलंय असं समजा.

रस्ता २: लेबलच्या मागे जा

त्या काळात लेबलला स्वतःची आवडनिवड असायची. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० मध्ये ब्रिटनमध्ये व्हर्टिगो लेबलवर आला. त्या रेकॉर्डच्या मधोमध काळी-पांढरी भोवऱ्यासारखी नक्षी असायची. त्याच लेबलवर मे ब्लिट्झ, पॅटो, क्रेसिडा, डॉक्टर झेड आणि वर सांगितलेला वॉरहॉर्स असे बँड होते. सॅबथ आवडत असेल तर ही यादी वरून खाली ऐकत जा. सगळे तितके जड वाजवत नाहीत, पण काळाची चव तीच आहे.

स्पॉटिफायच्या सर्चमध्येही ही युक्ती चालते. इंग्रजीत 'लेबल' हा शब्द, त्याला चिकटून कोलन, आणि पुढे अवतरणचिन्हांत लेबलचं नाव टाका. तसंच 'इयर' हा शब्द, कोलन आणि इंग्रजी आकड्यांत १९७०-१९७५ टाकलं तर तेवढ्या वर्षांपुरते निकाल येतात. फक्त पुनर्प्रकाशनाच्या तारखेचा घोळ लक्षात ठेवा.

रस्ता ३: देशाच्या मागे जा

सगळ्यात मोठा खजिना इथे आहे. काही ठळक थांबे:

• झांबिया: १९६४ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांच्या सरकारने रेडिओवर ९५ टक्के संगीत झांबियाचंच हवं असा आग्रह धरला. तरुणांनी इंग्रजी रॉक, फंक आणि स्थानिक ताल एकत्र केले आणि 'झॅमरॉक' तयार झालं. 'विच' या बँडचा 'लेझी बोन्स' आणि अमानाझचा 'आफ्रिका' हे दोन्ही अल्बम १९७५ चे. पुढे तांब्याचे भाव कोसळले, देश आर्थिक अडचणीत आला, नंतर एड्सने अनेक संगीतकारांचा बळी घेतला आणि हे संगीत बंद पडलं. 'विच'चा गायक इमॅन्युएल 'जगारी' चांडा रत्नांच्या खाणीत काम करू लागला. पुनर्प्रकाशनानंतर जगाला त्याचं नाव कळलं, तो पुन्हा मंचावर उभा राहिला आणि २०२३ मध्ये 'विच'चा 'झँगो' हा नवीन अल्बम आला.
• जपान: फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडचा 'सातोरी', १९७१. पाच भागांचा, जड आणि गूढ.
• तुर्कस्तान: लोकसंगीत आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा मेळ. एर्किन कोराय यांचा 'इलेक्ट्रॉनिक त्युर्क्युलर', १९७४, आणि सेल्दा बाजान यांचा १९७६ चा अल्बम.
• भारत: इम्पीरियल टोबॅकोच्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही बँडची स्पर्धा व्हायची. त्यातल्या बँडची गाणी १९७० आणि १९७१ अशा दोन रेकॉर्ड्सवर आली. मुंबईत ॲटॉमिक फॉरेस्ट हा बँड होता. त्यांच्या 'ऑब्सेशन ७७'मधली गाणी २०११ मध्ये नाउ-अगेन या अमेरिकी लेबलने पुन्हा काढली. झॅमरॉक जगापुढे आणणारं लेबलही हेच. आपल्या मुंबईचा बँड ऐकायला आपल्याला कॅलिफोर्नियाच्या लेबलकडे जावं लागतं, हे लक्षात घ्या.

देशानुसार शोधायला दोन जागा चांगल्या आहेत. रेडिओऊ नावाच्या ॲपवर नकाशातला देश आणि दशक निवडलं की त्या काळातली गाणी वाजतात. रेट युअर म्युझिक या वेबसाइटवर देश, वर्ष आणि प्रकार निवडून श्रोत्यांनी दिलेल्या गुणांनुसार यादी काढता येते. यादीतले पहिले दहा अल्बम सोडा आणि पन्नासाव्या क्रमांकापासून खाली बघा.

नाव माहीत नसेल आणि शझाम ओळखत नसेल तर?

शझाम गाण्याचा एक 'ठसा' तयार करून आपल्या साठ्यातल्या ठशांशी जुळवतं. ते रेकॉर्डिंग साठ्यातच नसेल तर उत्तर येणार कुठून? अशा वेळी यूट्यूबवर गाणं चढवणाऱ्याने वर्णनात काय लिहिलंय ते वाचा. जाणकार संग्राहक तिथे लेबल आणि रेकॉर्डचा क्रमांक देतात. तो क्रमांक डिस्कॉग्सवर टाकला की बऱ्याचदा थेट रेकॉर्डच सापडते. आणि आवडलेल्या गाण्याचं नाव लगेच लिहून ठेवा. असे व्हिडिओ आज असतात, उद्या नसतात.

खरा बँड की एआय?

जून २०२५ मध्ये स्पॉटिफायवर 'द व्हेल्व्हेट सनडाउन' हा सत्तरच्या दशकासारखं वाजवणारा बँड आला. काही आठवड्यांत त्याचे महिन्याचे श्रोते दहा लाखांवर गेले. नंतर त्यांच्याच प्रोफाइलवर कबुली आली की हा एआयच्या मदतीने केलेला प्रकल्प आहे. 'हरवलेला १९७२ चा अल्बम' अशा नावाने कुणीही एआय संगीत चढवू शकतं. म्हणून या चार गोष्टी तपासा:

• डिस्कॉग्सवर मूळ रेकॉर्डची नोंद आहे का? लेबलचा आणि कव्हरचा फोटो आहे का?
• वाजवणाऱ्यांची नावं दिली आहेत का, आणि ती माणसं दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डवर सापडतात का?
• फोटोतली बोटं, गिटारच्या तारा, कव्हरवरची अक्षरं नीट आहेत का?
• एका महिन्यात दोन-तीन 'हरवलेले' अल्बम आले आहेत का? मग नक्की सावध व्हा.

पैसे कुणाला जातात?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण यातले बरेच संगीतकार हयात आहेत आणि त्यांना तेव्हा फारसं काही मिळालं नाही. जुन्या रेकॉर्डच्या आवृत्त्या दोन प्रकारच्या असतात. एक, संगीतकाराशी किंवा त्याच्या कुटुंबाशी करार करून काढलेली. दुसरी बूटलेग, म्हणजे कुणालाही न विचारता छापलेली. डिस्कॉग्सवर बूटलेगसमोर 'अनऑफिशियल' असं लिहिलेलं असतं. विकत घेण्याआधी एवढं बघाच.

डिजिटल अल्बम घ्यायचा असेल तर आधी बँडकॅम्पवर शोधा. तिथे डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कंपनी घेते, पेमेंटचा खर्च वजा जाता बाकी रक्कम बँडला किंवा लेबलला मिळते. आणि 'जुनं आहे म्हणजे फुकट' हा समज चुकीचा आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९७१ ची रेकॉर्ड २०३१ संपेपर्यंत संरक्षित आहे.

पहिल्या आठवड्यासाठी यादी

• जड आणि वेगवान हवं असेल: सर लॉर्ड बॉल्टिमोर, 'किंगडम कम', १९७०
• सॅबथ आवडत असेल: मे ब्लिट्झ, 'मे ब्लिट्झ', १९७०
• रिफ हवे असतील: लीफ हाउंड, 'ग्रोअर्स ऑफ मशरूम', १९७१
• अवकाशात तरंगायचं असेल: कॅप्टन बियाँड, 'कॅप्टन बियाँड', १९७२
• नाचता येईल असं रॉक: विच, 'लेझी बोन्स', १९७५
• आपल्या मातीतलं: ॲटॉमिक फॉरेस्टची 'ऑब्सेशन ७७'मधली गाणी

अल्बम पूर्ण ऐका आणि आवडला तर तुमच्या लायब्ररीत सेव्ह करा किंवा प्लेलिस्टमध्ये टाका. तुमच्या फोनवरून झालेली ती एक नोंदही ॲपच्या हिशोबात धरली जाते. दोनशे श्रोत्यांच्या बँडला दोनशे एकावा श्रोता मिळाला, की तो पुढच्या कुणाला सुचवला जाण्याची शक्यता तेवढीच वाढते.