पारिहाकाचे नांगर

१/ ५ नोव्हेंबर १८८१. न्यूझीलंडमधील पारिहाका या माओरी गावावर सुमारे १,६०० सशस्त्र शिपाई चालून गेले. वाटेत त्यांना प्रथम सामोरी आली ती गाणारी लहान मुले. आत दोन हजारांवर माणसे मैदानात शांत बसली होती. आलेल्या शिपायांसाठी गावाने पाव भाजून ठेवले होते.

२/ या संयमामागे ते फिती ओ रोंगोमाई हे नेते होते. १८६३ च्या कायद्याने सरकारने ‘बंडखोर’ माओरींच्या जमिनी जप्त केल्या. तारानाकी प्रांतात बंडाशी संबंध नसलेलेही भूमिहीन ठरले. युद्धाने होरपळलेल्या त्याच मुलखात ते फिती आणि तोहू काकाही यांनी पारिहाका वसवले. शस्त्र उचलायचे नाही आणि जमिनीवरचा हक्कही सोडायचा नाही, हा तेथील नेम होता.

३/ जप्त जमिनीची मोजणी होऊन ती विकली जाणार हे दिसताच, मे १८७९ मध्ये ते फितींनी नांगर पाठवले. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कुरणांत माओरींनी तासे ओढली. नांगऱ्याला अटक झाली की तो प्रतिकार न करता जाई आणि त्याची जागा दुसरा घेई.

४/ पुढच्या वर्षी सरकारने रस्त्यासाठी पिकांभोवतीची कुंपणे तोडली. लोकांनी ती पुन्हा उभारली आणि पुन्हा अटका झाल्या. शेकडो माणसे दूर दक्षिण बेटावरील तुरुंगांत गेली. खटले चालले असते, तर जप्ती वैध होती का, हा प्रश्नही न्यायालयात निघाला असता. संसदेने विशेष कायदे करून बहुतेकांना खटल्याविनाच डांबून ठेवले.

५/ नोव्हेंबरच्या त्या स्वारीत मंत्री जॉन ब्राइस जातीने हजर होते. ते फिती आणि तोहू यांना पकडण्यात आले. नंतर घरे पाडली, पिके उद्ध्वस्त केली, सुमारे १,६०० रहिवाशांना हुसकावले. दोघा नेत्यांवरील खटलाही १८८२ च्या खास कायद्याने टाळला गेला.

६/ मोहनदास गांधी तेव्हा १२ वर्षांचे होते.

७/ १८८३ मध्ये परतून ते फितींनी गाव पुन्हा उभे केले. १८८६ मध्ये त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला. १९०७ मध्ये ते निवर्तले, तेव्हाही जमीन परत मिळालेली नव्हती. मात्र निःशस्त्र शेतकऱ्यांना रोखण्यासाठी सरकारला स्वतःचीच न्यायव्यवस्था बाजूला सारावी लागली, ही नोंद कायमची राहिली. २०१७ मध्ये न्यूझीलंड सरकारने पारिहाकात येऊन माफी मागितली.