नादारीपासून शुल्कमाफीपर्यंत : हिंगणा परिसरातील एक वाटचाल

नादारी, म्हणजे गरीब विद्यार्थ्याला फीमधून मिळणारी सूट, ही बराच काळ शाळा वा महाविद्यालयाच्या प्रमुखाच्या मर्जीवर अवलंबून होती. अर्ज करावा लागे, गरिबी सिद्ध करावी लागे आणि जागाही मोजक्याच असत. 1956 मध्ये नागपूर जिल्ह्यासह विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आल्याने, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 1959 मध्ये सुरू झालेली आर्थिकदृष्ट्या मागास, अर्थात ईबीसी, सवलत याच जिल्ह्यातील हिंगण्याच्या मुलांनाही लागू झाली. तिचा निकष जात नसून पालकांचे वार्षिक उत्पन्न हा होता.

पुढे 1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि 1984 मध्ये हिंगणा मार्गावरील वानाडोंगरी येथे यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. महाविद्यालय जवळ आले, तरी सरकारी अनुदान नसल्याने फीचा भार पालकांवर पडला. आज राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असल्यास पात्र विद्यार्थ्याला निम्मे शिक्षण शुल्क मिळते, तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील पात्र मुलींना पूर्ण माफी आहे. त्यासाठी तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला आणि महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज आवश्यक ठरतो.

या सवलती मात्र प्रवेशानंतरच्या आहेत. प्रवेश परीक्षेच्या अर्ज शुल्कातील सूट मुख्यतः प्रवर्गावर आधारलेली आहे. उत्पन्नाचा निकष या पहिल्या पायरीलाही लावल्याशिवाय 1959 चे धोरण पूर्णत्वास गेले असे म्हणता येणार नाही.