दोन राष्ट्रपती, दोन वारसे

स्वतंत्र भारतात पदावर असताना मृत्यू आलेले राष्ट्रपती दोनच. डॉ. झाकीर हुसेन ३ मे १९६९ रोजी गेले आणि फक्रुद्दीन अली अहमद ११ फेब्रुवारी १९७७ रोजी. दोघेही मुसलमान. आपल्या समाजात ही दोन्ही नावे एका दमात घेतली जातात. सभासंमेलनांतला वक्ता देशाच्या धर्मनिरपेक्षतेचा दाखला म्हणून ती घेतो आणि आम्ही श्रोते अभिमानाने टाळ्या वाजवतो. देशाला दाखला मिळतो, आम्हाला अभिमान मिळतो आणि विषय तिथेच संपतो. या दोघांनी मागे नेमके काय ठेवले, हा हिशेब मात्र आम्ही कधी मांडत नाही. तो मांडला तर दोन नावांमधले अंतर दिसू लागते आणि आमच्या नेतृत्वाच्या कल्पनेबद्दलही काही प्रश्न उभे राहतात.

वरवर पाहता दोघांत साम्य पुष्कळ. दोघेही संपन्न, शिकल्या घरातले. दोघांनी परदेशात उच्च शिक्षण घेतले. दोघांनीही मुस्लिम लीगच्या वाटेला न जाता काँग्रेसच्या राष्ट्रीय प्रवाहाची बाजू धरली. दोघांचा मिर्झा गालिबशीही संबंध आहे. झाकीरसाहेबांनी विद्यार्थिदशेत बर्लिनमध्ये गालिबचा दीवान सुबकपणे छापून घेतला. फक्रुद्दीनसाहेबांची आई लोहारूच्या नवाब घराण्यातली, म्हणजे गालिबच्या सासुरवाडीची. १९६९ च्या गालिब जन्मशताब्दीचा गाजावाजा पुष्कळ झाला असे म्हणतात, पण ती जन्मशताब्दी नव्हे, मृत्युशताब्दी होती. त्या निमित्ताने दिल्लीत गालिब इन्स्टिट्यूट उभी राहिली, तिच्यामागे फक्रुद्दीनसाहेबांचाच पुढाकार होता. म्हणजे अभिरुचीतही दोघे जवळचे. फरक पडला तो आयुष्य कोणत्या कामात घातले यामुळे.

झाकीर हुसेन यांचा जन्म १८९७ चा, हैदराबादचा. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचे, अफ्रिदी पठाणांचे. लहानपणीच आईवडील गेले. अलीगढच्या कॉलेजात ते शिकत असताना १९२० च्या ऑक्टोबरात गांधीजी आणि अलीबंधू असहकाराची हाक घेऊन तिथे आले. सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज सोडा, असे ते सांगत होते. सोडणाऱ्यांत झाकीर हुसेन होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. १९२५ मध्ये ती दिल्लीत करोलबागेत आली. खिलाफत चळवळ ओसरली तसा तिचा पैसाही आटला. जामिया बंद करावी असे बोलले जाऊ लागले. त्या वेळी बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्राची डॉक्टरेट करणारा हा तरुण आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या दोन मित्रांना घेऊन १९२६ मध्ये परतला आणि एकोणतिसाव्या वर्षी बुडत्या संस्थेचा कुलगुरू झाला.

पुढची बावीस वर्षे, १९४८ पर्यंत, ते तिथेच राहिले. हकीम अजमल खान यांच्या निधनानंतर तर संस्थेचा मोठा आधारच गेला. तेव्हा शिक्षकांनी एक प्रतिज्ञा केली: वीस वर्षे जामियाची सेवा करायची आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त वेतन घ्यायचे नाही. बर्लिनचा डॉक्टर प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी गोष्टी लिहीत होता आणि वर्गणीसाठी दारोदार फिरत होता. आमच्या समाजात संस्था काढणारे पुष्कळ होतात, पण वीस वर्षे एका संस्थेत स्वतःला गाडून घेणारे थोडेच.

या कामाचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिथे जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. नई तालीम म्हणून पुढे गाजलेली योजना या समितीने आकाराला आणली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेले. मुस्लिम लीगने या योजनेवर कडाडून टीका केली. झाकीरसाहेबांनी शिव्या खाल्ल्या, पण टीकाकारांशी बोलणे बंद केले नाही. नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा देश दंगलींनी पेटला होता. त्या एका व्यासपीठावर नेहरू आणि आझाद होते, तसेच जिना आणि लियाकत अलीही होते. ही आग विझवा, अशी विनवणी झाकीरसाहेबांनी त्या सर्वांसमोर केली. आग विझली नाही. १९४७ मध्ये जालंधरजवळ ते स्वतः दंगलखोरांच्या हाती सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे कर्मचाऱ्याने त्यांना वाचवले. वर्षभराने त्यांनी अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरूपद घेतले. फाळणीनंतर देश ज्या विद्यापीठाकडे संशयाने पाहत होता ते सावरण्याचे काम त्यांनी १९५६ पर्यंत केले.

फक्रुद्दीन अली अहमद यांचा जन्म १९०५ चा, जुन्या दिल्लीतल्या हौज काझीचा. वडील आसामचे, लष्करी वैद्यकीय सेवेतले कर्नल. केंब्रिजला शिकून, बॅरिस्टर होऊन ते परतले. इंग्लंडमध्येच त्यांची पंडित नेहरूंशी ओळख झाली होती. १९३१ मध्ये ते काँग्रेसमध्ये आले. १९३८ मध्ये गोपीनाथ बार्डोलोई यांच्या आसाम मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले आणि शेतीच्या उत्पन्नावर कर बसवणारा कायदा त्यांनी आणला. देशात अशा प्रकारच्या पहिल्या कायद्यांत तो मोडतो. आसामात या कराचा रोख होता चहामळ्यांवर, म्हणजे गोऱ्या मळेवाल्यांवर. एका तरुण मंत्र्याने इंग्रजांच्या राज्यात हे धाडस केले. पुढे वैयक्तिक सत्याग्रहात आणि १९४२ च्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला. ही बाजू आज कोणाला आठवत नाही आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे आम्हाला वाटते.

स्वातंत्र्यानंतर ते आसामात मंत्री होते आणि १९६६ पासून दिल्लीत इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात. काँग्रेस फुटली तेव्हा ते इंदिराजींच्या बाजूला राहिले. अन्न आणि शेती खाते त्यांनी सांभाळले. २४ ऑगस्ट १९७४ रोजी ते राष्ट्रपती झाले आणि दहा महिन्यांनी ती रात्र आली.

२५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधानांकडून आणीबाणीच्या घोषणेचा मसुदा राष्ट्रपती भवनात आला. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, सही होऊन गेल्यावर झाली. ज्या पद्धतीने हे चालले आहे ते घटनेला धरून नाही, असे राष्ट्रपतींच्या सचिवांनी त्यांना सांगितले होते. हे पुढे शाह आयोगासमोर नोंदले गेले. तरीही मध्यरात्रीच्या आत सही झाली. राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असतो हे खरे. पण त्या रात्री मंत्रिमंडळाचा सल्ला अस्तित्वातच नव्हता. 'मंत्रिमंडळाने ठरवले आहे काय?' एवढा एक प्रश्न विचारायला जागा होती. तो विचारून आणीबाणी टळली असती असे नाही. कदाचित काही तासांचाच फरक पडला असता. पण तो प्रश्न इतिहासात नोंदला गेला असता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने नेमकी हीच अट कायद्यात घातली: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये. जे एका माणसाने विचारायला हवे होते ते नंतर घटनेला लिहून ठेवावे लागले. १९७५ च्या डिसेंबरात अबू अब्राहम यांचे व्यंगचित्र छापून आले. त्यात राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबात बसल्या बसल्या वटहुकूम सही करून परत देत आहेत. फक्रुद्दीनसाहेबांचे चार दशकांहून अधिक काळाचे सार्वजनिक आयुष्य त्या एका चित्रात बुडाले.

त्या सहीची किंमत कोणी मोजली? एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीत तुर्कमान गेटची वस्ती पाडली गेली, विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला. राष्ट्रपतींचा जन्म झाला तो हौज काझीचा मोहल्ला तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. महाराष्ट्रही सुटला नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये गावात आलेल्या शेतकऱ्यांना गाड्यांत कोंबून नसबंदीसाठी नेण्याचे प्रकार घडले. त्याच वर्षी तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक आपल्या विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायद्यात आले नाही. भरडला गेला तो सर्व जातिधर्मांचा गरीब. त्यात आमचाही गरीब होता आणि राष्ट्रपती भवनात 'आमचा माणूस' असल्याचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. आणीबाणीचा निर्णय राष्ट्रपतींचा नव्हता. ज्यांनी तो घेतला त्यांच्याकडे राज्याची सारी ताकद होती आणि त्या सकाळी मंत्रिमंडळातल्या एकाही मंत्र्याने राजीनामा दिला नाही. सहीचा दोष फक्रुद्दीनसाहेबांच्या धर्माला चिकटवणे हा तर निव्वळ अप्रामाणिकपणा होईल.

शिवाय राष्ट्रपतिपदाच्या खुर्चीने झाकीरसाहेबांनाही फार काही करू दिले नाही, हेही मान्य केले पाहिजे. १९५४ मध्ये उत्तर प्रदेशात उर्दूला स्थान मिळावे म्हणून वीस लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांना दिले गेले. ते देणाऱ्या शिष्टमंडळाचे नेते झाकीर हुसेन होते. १३ मे १९६७ रोजी ते स्वतः त्याच भवनात राहायला गेले. निवेदन तसेच राहिले. उत्तर प्रदेशात उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९८९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. ते राष्ट्रपती होऊन तीन-साडेतीन महिनेही झाले नव्हते, तोच ऑगस्ट १९६७ मध्ये रांचीला उर्दूच्याच प्रश्नावरून दंगल पेटली. दीडशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांतली बहुसंख्य मुसलमान. ज्या बिहारचे ते पाच वर्षे राज्यपाल होते, तिथे हे घडले. सर्वोच्च पदावरचा माणूस ते थांबवू शकला नाही.

म्हणजे खुर्ची दोघांची सारखीच होती आणि ती दोघांच्याही बाबतीत मुकीच ठरली. मग एकाचा वारसा जिवंत आणि दुसऱ्याचा का नाही? आमच्या मते उत्तर खुर्चीच्या आधीच्या आयुष्यात आहे. झाकीरसाहेब पदावर पोहोचले तेव्हा त्यांच्यामागे एक चालती संस्था होती. ती त्यांच्या पदावर अवलंबून नव्हती, उलट त्यांचीच किंमत तिच्यामुळे होती. पद नसते तरी जामिया राहिली असती. फक्रुद्दीनसाहेबांचे सामर्थ्य पक्षातून आणि नेत्याच्या विश्वासातून आलेले होते. ज्याने दिले त्याने मागितले तेव्हा नाही म्हणायला पायाखाली स्वतःची जमीन लागते. चहामळेवाल्यांशी भिडणाऱ्या तेहतीस-चौतीस वर्षांच्या अर्थमंत्र्याकडे ती होती. पक्षनिष्ठेच्या पुढच्या तीन-साडेतीन दशकांत ती हळूहळू सुटत गेली असावी.

आज हा हिशेब मांडण्याचे कारण आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राच्या ४८ जागांतून एकही मुसलमान निवडून आला नाही. संपूर्ण देशातून फक्त २४ आले. अशा वेळी खुर्चीची भूक लागणे स्वाभाविक आहे आणि प्रतिनिधित्व हा आमचा हक्कच आहे. तो सोडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण आमदारकी, महामंडळ, एखादे मंत्रिपद मिळाले की मोहल्ल्यात फटाके फोडायचे आणि पाच वर्षांनी रिकाम्या हाताने बसायचे, हे आम्ही फार वर्षे करत आलो. निवडून गेलेल्या आपल्या माणसाला 'तू कोणत्या कागदावर सही केलीस आणि कोणता प्रश्न विचारलास?' असे आम्ही विचारत नाही. आणि गावात वीस वर्षे शाळा चालवणाऱ्या मास्तरला आम्ही नेता म्हणत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये मदरशांच्या आधुनिकीकरणाची योजना सुरू केली, तिला झाकीर हुसेन यांचे नाव दिले. नाव योग्यच आहे. पण ज्या माणसाने सरकारी मदत नाकारून शिक्षणाचे काम सुरू केले, त्याचा वारसा केवळ अनुदानाच्या अर्जात शोधता येणार नाही. वर्ध्याच्या समितीने मातृभाषेतून शिक्षण मांडले होते. तो मुद्दा आमच्या घरात अजून सुटलेला नाही. कोकणी, दखनी, मराठी बोलणाऱ्या घरातले मूल कोणत्या माध्यमात घालायचे, याचा निर्णय आजही भावनेवर होतो, मुलाच्या आकलनावर नाही. झाकीरसाहेबांचे नाव शाळेच्या पाटीवर लावण्यापेक्षा या प्रश्नावर समाजात मोकळी चर्चा घडवणे हे त्यांचे खरे स्मरण होईल.

फक्रुद्दीनसाहेबांची कबर संसद भवनाजवळच्या मशिदीच्या आवारात आहे. झाकीरसाहेबांची जामियाच्या आवारात, रोज हजारो मुलामुलींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. आमच्या मुलांनी दोघांविषयी वाचले पाहिजे. पहिल्याकडून चहामळ्यांवरच्या कराचे धाडस घ्यावे आणि त्या रात्री न विचारलेला प्रश्न लक्षात ठेवावा. दुसऱ्याकडून दीडशे रुपयांची ती वीस वर्षे घ्यावीत. पद मिळणे न मिळणे आज आमच्या हाती फारसे उरलेले नाही. शाळा काढणे आणि ती चालवणे अजून आहे.