कुटुंब चुकलं, की तिसऱ्या ओळीतला आधार?

आज एका एरर मेसेजचा इतिहास सांगतो. सुरुवात आपल्या जामनेरपासून.

24 जून 2017. राज्य सरकारनं 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन. ऐन निंदणीच्या दिवसांत शेतकरी आधार कार्डं घेऊन सेवा केंद्रांवर. एका अर्जात अख्खं कुटुंब: नवरा, बायको, 18 वर्षांखालची मुलं, त्यांचे आधार, कर्जखाती. माफी दीड लाखापर्यंत, तीही कुटुंबाला मिळून.

आमच्या धंद्यात 'कुटुंब' हे पॅरेंट मॉडेल, 'सदस्य' त्याला जोडलेलं मॉडेल. एक सदस्य चुकला की अख्खं कुटुंब सेव्ह होत नाही. मग सांगायचं काय?

रुबी ऑन रेल्स हा फ्रेमवर्क 2004 मध्ये आला. त्यात जोडलेली मॉडेल्स तपासायची सोय होती, पण मेसेज एवढाच: 'सदस्य इनव्हॅलिड'. कोणता, का, काही नाही. मार्च 2009 मध्ये 2.3 व्हर्जन आलं आणि एकाच फॉर्ममधून पॅरेंटसोबत सदस्यही सेव्ह करता येऊ लागले. मेसेजमध्ये रकान्याचं नाव आलं: 'सदस्यांचा आधार चुकीचा'. ठीक, पण पाचांपैकी कोणाचा? हे उत्तर 2016 मध्ये मिळालं. 5.0 व्हर्जनमध्ये 'इंडेक्स एरर्स' हा पर्याय आला. तो चालू केला की ओळ क्रमांकही कळतो. मोजणी शून्यापासून, म्हणून 2 दिसलं तर चूक तिसऱ्याची. हा पर्याय आपोआप चालू नसतो, बरं का!

आता परत 2017. शेतकऱ्यांचे अर्ज बँकांच्या माहितीशी जुळवायचे होते. ऑक्टोबरमध्ये यादीत एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे निघाला. चूक एका रकान्यात, अडकली माणसं.

24 फेब्रुवारी 2020 ला पुढच्या कर्जमाफीची पहिली यादी आली, तेव्हा पद्धत बदललेली होती. शेतकऱ्यानं अर्ज करायचाच नव्हता. बँकांनी माहिती दिली, प्रत्येक कर्जखात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला. शेतकऱ्यानं आधार प्रमाणीकरण करायचं, रक्कम पटली नाही तर तक्रार करायची. वाद त्या एका खात्यापुरता.

म्हणून कोड लिहिणाऱ्या दोस्तांनो, नुसतं 'इनव्हॅलिड' लिहून मोकळे होऊ नका. ओळ सांगा, रकाना सांगा, काय दुरुस्त करायचं ते सांगा. समोरचा माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला असतो. दुसरी खेप त्याला परवडत नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!