शिलारस ते थर्माकोल

अत्तराच्या आणि वनौषधींच्या जुन्या दुकानात शिलारस मिळतो. मधासारखा दाट, सुगंधी. तुर्कस्तानात वाढणाऱ्या एका झाडाचा हा चीक. निखाऱ्यावर टाकला की सुवास दरवळतो, म्हणून धुपात घालतात. १८३९ साली बर्लिनच्या एडुआर्ड झिमोन या औषधविक्रेत्याने याच शिलारसातून एक तेलकट द्रव वेगळा काढला. काही काळाने तो द्रव आपोआप घट्ट झालेला त्याला आढळला. आपण ज्याला थर्माकोल म्हणतो, त्या पॉलिस्टायरीनची ही जन्मकथा. या पदार्थाचा पूर्वज धुपाबरोबर जळणारा होता, एवढे आज लक्षात ठेवायचे.

पुढे शिलारसाची गरज उरली नाही. खनिज तेलापासून हा द्रव बनू लागला. १९३० च्या सुमारास जर्मनीतील कारखान्यांत पॉलिस्टायरीनचे मोठे उत्पादन सुरू झाले आणि १९५० च्या आसपास तिथल्याच बीएएसएफ कंपनीने त्याचे फुगणारे मणी तयार केले. मण्यांना वाफ दिली की ते लाहीसारखे फुलतात आणि साच्यात एकमेकांना चिकटतात. अशा पाटीत सुमारे ९८ टक्के हवाच असते. कोंडलेली हवा उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. थर्माकोलचे सारे मोल या एका गुणात आहे.

वसई-विरारच्या लोकांना थर्माकोल पहिल्यांदा भेटला तो गणपतीच्या मखरात आणि मासळीच्या खोक्यात. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने थर्माकोलची ताटे, वाट्या आणि सजावट यांवर बंदी आणली. कारण कचऱ्याचे होते. मखर गेले, पण इमारतीतला थर्माकोल तसाच राहिला. शीतगृहाच्या भिंतीत, दोन पत्र्यांच्या मध्ये घातलेल्या पॅनेलमध्ये, गच्चीच्या थराखाली, गाळ्याच्या छपराला आतून तो असतो. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींत मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली उभे राहून पाहावे, म्हणजे तो का लावतात हे कळेल. खाली राबणाऱ्या माणसाला त्याने खरोखर आराम मिळतो. तेव्हा मी त्याला शत्रू ठरवायला बसलेलो नाही.

पण त्याचा स्वभाव जाणून घ्यायला हवा. शंभर अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, आक्रसतो, मग वितळतो. पेटला तर जळते थेंब खाली टपकतात आणि काळाकुट्ट धूर निघतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गाळ्यात छपराचे वेल्डिंग चालू असताना ठिणगी पडली. माझ्या मावसभावाचा मुलगा तिथे कामाला होता. सगळे वेळेवर बाहेर पडले. संध्याकाळी तो मला म्हणाला, ‘‘चाचा, वरून आगीचा पाऊस पडत होता, आणि दरवाजा कुठे आहे तेच दिसेना.’’

याच प्रकाराने जगाला मोठा धडा दिला तो ११ एप्रिल १९९६ रोजी. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावर इमारतीच्या वरच्या अंगाला असलेल्या रस्त्यावर वेल्डिंग चालले होते. ठिणग्या खाली छताच्या पोकळीत गेल्या. तिथे पॉलिस्टायरीनचा थर होता. आग आत, नजरेआड वाढत गेली. १७ माणसे गेली. लिफ्टमध्ये आणि प्रवाशांच्या कक्षात अडकलेल्यांना धुराने गाठले. देश तोच, ज्याने हे मणी जगाला दिले.

आपल्या विरारनेही धूर पाहिला आहे. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि करोनाचे १५ रुग्ण दगावले. आग वातानुकूलन यंत्रातून लागल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ती घटना मी थर्माकोलशी जोडत नाही. पण जो उठून पळू शकत नाही, त्याच्याजवळ किती थोडा वेळ असतो, हे त्या पहाटेने दाखवले.

उपाय अज्ञात नाहीत. इमारतीतल्या थर्माकोलसाठी आयएस ४६७१ हे भारतीय मानक आहे आणि आगीला लवकर दाद न देणारा प्रकारही मिळतो. अर्थात तोही न जळणारा नव्हे. म्हणून तो उघडा ठेवू नये. सिमेंटच्या गिलाव्याआड किंवा आगीला तोंड देणाऱ्या तावदानाआड पुरता झाकावा. त्याच्याजवळ वेल्डिंग करायचे तर आधी तो हलवावा, आणि काम संपल्यावरही कुणीतरी राखण करावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. दाखला पाइप, पंप आणि नळकांडी पाहून मिळतो. भिंतीच्या पोटात काय आहे, ते मालकाला आणि ठेकेदारालाच ठाऊक असते.

म्हणून गाळा भाड्याने घेताना, मुलाला कामाला पाठवताना एक प्रश्न विचारायला संकोच करू नका : या छपराच्या आत काय भरले आहे, आणि ते कशाने झाकले आहे?