बँकर आणि बटाटेवडा

बदलीच्या गावी लोक आधी घर शोधतात, मग मुलांची शाळा. आमच्यासारखे खवय्ये आधी खाण्याची जुनी जागा शोधतात. कर्जतला ती शोधावी लागत नाही. गाडीच तिच्यापुढे उभी राहते.

स्टेशनावरच्या दिवाडकरांच्या वड्याचं नाव एवढं का झालं? चवीला वंदन असो, पण अर्धं श्रेय बोरघाटाचं! १८६३ साली घाटातून आगगाडी सुरू झाली. चढ असा, की ३७ फुटांना १ फूट वर. एकट्या इंजिनाचा दम पुरेना. म्हणून पुण्याकडच्या बहुतेक लांब गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेत त्यांना 'बँकर' म्हणतात. आमच्याकडे बँकर म्हणजे साहेब. इथला मागे राहून ढकलतो, म्हणजे खरा कारकूनच! ती जोडेपर्यंत उतारूंना सवड, वड्याला गिऱ्हाईक. खोपोलीत जुन्या महामार्गावरचा रमाकांतचा वडा, तोही घाटाच्या पायथ्याशीच.

२०२३ साली सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, कर्जतला थांबत नाही. प्रगतीच म्हणायची. पण ज्याला मागून ढकलायला कुणी लागत नाही, त्याच्या नशिबी गरम वडाही नाही!