गतीचे तीन नियम आणि सीटबेल्ट

सर आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' या लॅटिन ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. शाळेत ते परीक्षेपुरते पाठ केले जातात. मात्र रस्त्यावरील प्रवाशाचा जीव त्यांच्यावरच अवलंबून असतो.

पहिला नियम : बाह्य बल कार्य करीत नसेल, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. या गुणधर्मास जडत्व म्हणतात. एसटीचा चालक अचानक ब्रेक लावतो, तेव्हा उभे प्रवासी पुढे झुकतात. त्यांना कोणी ढकललेले नसते. गाडी मंदावते, शरीर मात्र आधीच्याच वेगाने पुढे जात असते.

दुसरा नियम : वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. संवेग बदलण्याचा दर बलाच्या प्रमाणात असतो व बदल बलाच्या दिशेने होतो. साहजिकच, थांबण्यास वेळ जितका कमी, तितके बल अधिक. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणारी ६० किलोची व्यक्ती ०.१ सेकंदात थांबली, तर तिच्यावर सरासरी ९,००० न्यूटन बल येते. हे तिच्या वजनाच्या सुमारे १५ पट आहे. डॅशबोर्डवर आदळून ती ०.०१ सेकंदात थांबल्यास बल दहापट होते.

तिसरा नियम : प्रत्येक क्रियेस समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते आणि ती दुसऱ्या वस्तूवर घडते. चाक रस्त्याला मागे रेटते, रस्ता चाकाला पुढे रेटतो. ब्रेक लावताना या दिशा उलट होतात. ओल्या रस्त्यावर किंवा टायर गुळगुळीत झाल्यास घर्षण घटते व गाडी उशिरा थांबते. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लावल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते.

व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन ठिकाणी जोडलेला सीटबेल्ट प्रचारात आणला. हा पट्टा थांबण्याचा वेळ वाढवतो आणि बल छाती व कमरेच्या मजबूत हाडांवर विभागतो. मागील आसनावरही हे नियम बदलत नाहीत. मांडीवरील १० किलोच्या बाळाला वरील उदाहरणाप्रमाणे ०.१ सेकंदात रोखण्यास १,५०० न्यूटन बल लागते. हे सुमारे १५० किलोचे ओझे पेलण्यासारखे असून, कोणत्याही आईवडिलांच्या हातांना ते शक्य नाही. बाळासाठी पट्ट्यांनी बांधलेले स्वतंत्र आसन लागते ते याच कारणाने.